जुन्या फोनोचे सुटे भाग : शोधावेत कुठे, घडवावेत कसे?

दिवाळीपूर्वी माळा आवरायला काढला की अजूनही काही घरांत जुन्या धोतरात गुंडाळलेली एक जड, चौकोनी पेटी हाती लागते. झाकण उघडले की आत बनातीने मढवलेली थाळी, वळणदार चकचकीत नळी आणि कोपऱ्यात पिना ठेवायची छोटी वाटी दिसते. घरातली वडीलधारी मंडळी या पेटीला ‘फोनो’ म्हणतात. कोणीतरी उत्साहाने चावी फिरवतो. मग एकतर चावी नुसतीच गरागरा फिरत राहते, नाहीतर थाळी चार फेरे घेऊन थांबते. क्वचित गाणे लागलेच तर मध्यावर गवयाचा सूर खाली घसरू लागतो. दुरुस्तीला न्यावे म्हटले तर कारागीर सापडत नाही आणि सापडलाच तर ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत’ हे ठरलेले उत्तर ऐकून परत यावे लागते.

हे उत्तर अर्धेच खरे आहे. चावीचा ग्रामोफोन हे निखळ यांत्रिक साधन होय. त्यात विजेवर चालणारा एकही भाग नाही. जे काही आहे ते डोळ्यांना दिसते, मापता येते आणि बव्हंशी पुन्हा घडवताही येते. त्यातील काही भाग आजही नवे तयार होतात, काही आपल्याच शहरातील लेथवाल्याकडून करून घेता येतात आणि काही भाग तर बदलण्याची गरजच नसते. या तीन प्रकारांत गल्लत झाली की चांगले यंत्र भंगारात जाते किंवा त्याहून वाईट म्हणजे, एका यंत्राच्या दुरुस्तीसाठी दुसरे धडधाकट यंत्र फोडले जाते. म्हणूनच हौशी मंडळींना उपयोगी पडेल अशी ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी यंत्राची ओळख

थॉमस एडिसनने १८७७ साली तयार केलेला फोनोग्राफ नळकांड्यावर ध्वनी कोरणारा होता. सपाट तबकडीचा ग्रामोफोन ही एमिल बर्लिनर याची निर्मिती. त्याचे पेटंट १८८७ चे. सुरुवातीचे ग्रामोफोन हाताने फिरवावे लागत. एल्ड्रिज जॉन्सन या अमेरिकेतील यंत्रकाराने १८९६ साली बर्लिनरच्या यंत्रासाठी स्प्रिंगवर चालणारी मोटर तयार केली आणि चावी भरून निवांत गाणे ऐकण्याची सोय झाली. भारतात नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग याने कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीसाठी पहिली ध्वनिमुद्रणे केली. त्यानंतर बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर यांची गाणी याच चावीच्या यंत्रांनी मराठी घरांत पोहोचवली.

आपल्याकडे सापडणारी बहुतेक यंत्रे तबकडीचीच असतात, मग घरात त्यांना फोनो म्हणत असोत वा ग्रामोफोन. त्यातही हातात धरून नेता येणाऱ्या पेट्या अधिक. ‘एचएमव्ही’चे १९२५ साली आलेले १०१ आणि १९३१ साली आलेले १०२ ही दोन मॉडेल्स संग्राहकांच्या विशेष परिचयाची आहेत. त्याखेरीज कोलंबिया, डेक्का आणि स्वित्झर्लंडमधील सेंट-क्रॉइ येथील थोरेन्स व पैलार्ड यांच्या मोटरी बसवलेली यंत्रेही आढळतात. पेटीवरील नाव आणि आतील मोटरीचा कारखाना नेहमी एकच असतो असे नाही. म्हणून भाग शोधण्यापूर्वी पेटीवरचे नाव, मॉडेलचा क्रमांक, मोटरीवर कोरलेली अक्षरे आणि साउंडबॉक्सवरचा क्रमांक अशा चार गोष्टी लिहून घ्याव्यात आणि चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. ‘जुना एचएमव्हीचा फोनो’ एवढ्या वर्णनावर कोणताही भाग मिळत नाही. मिळाला तर तो बसत नाही.

लक्षणांवरून निदान

डॉक्टर जसा आधी नाडी पाहतो, तसे यंत्र उघडण्यापूर्वी त्याची लक्षणे पाहावीत. चावी विनाविरोध फिरत असेल तर मुख्य स्प्रिंग तुटली आहे किंवा तिचे टोक खुंटीतून सुटले आहे. चावी भरताना किंवा गाणे चालू असताना आतून ‘धप्प’ असा आवाज येऊन थाळीला हिसका बसत असेल, तर बहुधा स्प्रिंग शाबूत असते. वर्षानुवर्षांच्या वाळलेल्या ग्रीसमुळे तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि अचानक सुटतात. असे यंत्र पाहून ‘स्प्रिंग बदलावी लागेल’ असे कोणी म्हणाले तर घाई करू नये. स्प्रिंग बाहेर काढून रॉकेलने स्वच्छ धुवावी, कोरडी करावी आणि ग्राफाइटयुक्त ग्रीस लावून पुन्हा बसवावी. यात पैसे खर्च होतात ते फक्त ग्रीसचे.

थाळी सुसाट पळत असेल किंवा वेग सतत कमी-जास्त होत असेल तर दोष गव्हर्नरमध्ये शोधावा. सुरुवातीला ठीक चालून गाण्याच्या शेवटी सूर उतरत असेल तर बेअरिंगमधील जुने तेल गोंदासारखे घट्ट झाले आहे किंवा स्प्रिंग थकली आहे. वेग ठीक असूनही आवाज फाटका, कुरकुरणारा येत असेल तर मोटरीला हात न लावता साउंडबॉक्स उघडावा. अनुभव असा की माळ्यावरून आलेल्या यंत्रांपैकी पुष्कळांना साफसफाई, वंगण आणि रबरी कडी एवढेच हवे असते.

मुख्य स्प्रिंग : मोजा, मग मागवा

मुख्य स्प्रिंग म्हणजे पोलादाची लांबच लांब पट्टी. ती गोल डबीत गुंडाळून बसवलेली असते. तिचे आतील टोक मधल्या आसाच्या खुंटीत आणि बाहेरचे टोक डबीच्या भिंतीला अडकवलेले असते. इथे सावधगिरीचा इशारा देणे आवश्यक आहे. चावी भरलेल्या स्थितीत मोटर कधीही उघडू नये. ब्रेक काढून थाळी स्वतःहून थांबेपर्यंत सर्व चावी उतरू द्यावी. त्यानंतरही डबीतील स्प्रिंगमध्ये पुष्कळ ताण शिल्लक असतो. झाकण काढून ती निष्काळजीपणे ओढली तर धारदार पट्टी चाबकासारखी उसळते. बोटे आणि डोळे दोन्ही धोक्यात येतात. जाड हातमोजे व चष्मा घालून, डबी कापडात धरून, एकेक वेढा सोडवीत ती काढावी. चावी भरलेली असतानाच मोटर अडकून बसली असेल तर ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

नव्या स्प्रिंगा आजही तयार होतात. इंग्लंड, अमेरिका व युरोपातील काही व्यावसायिक त्या मापानुसार विकतात. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनही हा मार्ग सर्वांत खात्रीचा. मात्र त्यासाठी पट्टीची रुंदी, जाडी, लांबी, डबीचा आतील व्यास आणि दोन्ही टोकांची रचना ही पाच मापे अचूक हवीत. टोकाला नुसते भोक असते, पेरूच्या आकाराची खाच असते किंवा दुमडलेला आकडा असतो; त्यावरच ती डबीत अडकणार की नाही हे ठरते. जाडी मोजण्यासाठी पट्टी नव्हे, मायक्रोमीटर वापरावा. स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या जागी ०.७ मिलिमीटरची पट्टी बसवली तर जोर सुमारे दीडपटीहून अधिक होतो. ‘जाड स्प्रिंग टाकली की जास्त वेळ चालेल’ हा समज चुकीचा आहे. जाड पट्टीचे वेढे डबीत कमी मावतात आणि जास्तीचा भार दातेरी चाकांवर व गव्हर्नरवर पडतो.

प्रस्तुत लेखकाने पहिल्याच दुरुस्तीत तुटलेल्या स्प्रिंगचे तुकडे गंजलेले, तेलकट म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकले आणि नंतर लांबी व टोकाची रचना कळेना म्हणून दोन वेळा चुकीची स्प्रिंग मागवली. तेव्हा तुटका भाग हाच नव्या भागाचा नकाशा आहे, हे ध्यानात ठेवावे. नवा भाग बसून यंत्र वर्षभर नीट चालेपर्यंत जुना फेकू नये.

स्प्रिंग टोकापासून काही सेंटिमीटरवरच तुटली असेल तर ती वाचवता येते. तुटलेल्या टोकाचा तेवढाच भाग ज्योतीवर लाल करून सावकाश थंड होऊ द्यावा. पोलादाचे पाणी उतरून तो मऊ होतो. मग त्यात भोक पाडून कानशीने जुन्यासारखा आकार द्यावा. धग पुढे पसरू नये म्हणून उरलेली पट्टी ओल्या फडक्यात धरावी. पट्टी मध्येच तुटली असेल तर मात्र वेल्डिंग किंवा रिव्हेटचा जोड देऊ नये. जोडाच्या जागी ती पुन्हा तुटणारच आणि तुटताना चाकांचे दातही घेऊन जाईल.

गव्हर्नर : वेगाचा राखणदार

स्प्रिंगचा जोर पूर्ण भरलेल्या चावीला जास्त आणि उतरत्या चावीला कमी असतो. तरीही थाळी एकाच गतीने फिरते ती गव्हर्नरमुळे. एका बारीक दांड्यावर तीन पातळ पोलादी पट्ट्यांना तीन छोटी वजने लावलेली असतात. दांडा वेगाने फिरू लागला की वजने बाहेर फेकली जातात, पट्ट्या वाकतात आणि दांड्यावरची चकती सरकून चामड्याच्या किंवा बनातीच्या तुकड्यावर घासते. वेग वाढला की घर्षण वाढते, कमी झाला की घटते.

या पट्ट्यांपैकी एक जरी तुटली तरी वेग बिघडतो. नव्या पट्ट्या तयार मिळतात आणि घरी करणेही अवघड नाही. मुंबईत नागदेवीला किंवा पुण्यात बोहरी आळीत मिळणारे फीलर गेजचे पाते किंवा पातळ शिम स्टील यासाठी चालते. मूळ पट्टीची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचे पाते घ्यावे. पातळ पोलादाला ड्रिलने भोक पाडताना ते फाटते. म्हणून पट्टी दोन पितळी तुकड्यांमध्ये घट्ट दाबून भोक पाडावे. एक तुटली तरी तिन्ही पट्ट्या एकाच पात्यातून कापून एकाच वेळी बदलाव्यात. तिन्ही वजनेही काट्यावर तोलून पाहावीत. त्यांत तफावत असली की दांडा थरथरतो आणि ती थरथर गाण्यात ऐकू येते.

घासणारा चामड्याचा तुकडा वाळून दगड झालेला असतो. त्याच्या जागी मऊ चामड्याचा किंवा दाट बनातीचा तेवढाच तुकडा बसवून त्याला हलक्या तेलाचे दोन थेंब द्यावेत. दांड्यावरच्या मळसूत्री आट्यांशी जुळणारे चाक काही मोटरींत दाबलेल्या तंतूंचे असते आणि तेच आधी झिजते. असे चाक हायलम किंवा डेलरिनमधून कापून घेता येते. मात्र गिअर कापणाऱ्याकडे जाताना जुने चाक आणि त्याचा मळसूत्री दांडा दोन्ही न्यावेत. केवळ दातांची संख्या आणि व्यास सांगून काम भागत नाही. दातांचा तिरकेपणाही जुळावा लागतो.

सर्व जुळवल्यावर वेग तपासावा. तबकडीखाली कागदाची चिठ्ठी अशी ठेवावी की तिचे टोक बाहेर दिसेल आणि गाणे चालू असताना तिचे फेरे मोजावेत. मिनिटाला ७८ व्हावेत. अधिक अचूकपणे पाहायचे तर ७७ पट्ट्यांची स्ट्रोबोस्कोप चकती छापून घ्यावी. आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवरचा दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. त्या उजेडात चकतीवरचे पट्टे स्थिर दिसले की वेग ७७.९२ फेरे असतो. बऱ्याच एलईडी दिव्यांत हे लुकलुकणे नसते. म्हणून यासाठी जुना निऑनचा इंडिकेटर किंवा तारेचा बल्ब शोधावा.

साउंडबॉक्स : गळा इथे आहे

पिनेची थरथर ज्या गोल डबीत ध्वनी होते तो साउंडबॉक्स. त्यात एक पातळ पडदा दोन रबरी कड्यांमध्ये हलकेच धरलेला असतो आणि पिनेच्या दांडीचे टोक पडद्याच्या मध्याला जोडलेले असते. रबर सत्तर-ऐंशी वर्षांत लाकडासारखे कडक होते, पडदा मोकळा हलत नाही आणि आवाज कुरकुरतो. यावर उपाय स्वस्त आहे. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची मऊ रबरी किंवा सिलिकॉनची नळी घ्यावी. मापात बसत असेल तर सायकलच्या व्हॉल्व्हची नळीही तात्पुरती चालते. तिची दोन कडी कापावीत. टोके तिरकी कापून एकमेकांना जेमतेम टेकतील अशी ठेवावीत. झाकणाचे स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे, सारख्या दाबाने आवळावेत. फार आवळले तर नवे रबरही जुन्यासारखेच वागते.

एचएमव्ही १०१ वरच्या चार क्रमांकाच्या साउंडबॉक्सचा पडदा अभ्रकाचा असतो, तर १०२ वर बहुतांशी दिसणाऱ्या ५ए व ५बी साउंडबॉक्सचा ॲल्युमिनियमचा. अभ्रकाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. झारखंडमधील कोडरमा आणि आंध्रातील नेल्लोरचा परिसर हे अभ्रकाच्या तक्त्यांसाठी जगप्रसिद्ध आहेत. इस्त्रीच्या एलिमेंटसाठी विजेच्या सामानाच्या दुकानांत जे अभ्रक मिळते ते मात्र अनेकदा चुरा चिकटवून केलेले असते. ते घेऊ नये. स्वच्छ, पारदर्शक, एकसंध तक्ता घ्यावा. सुरीच्या पात्याने त्याचे पापुद्रे सोडवून तो साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा करावा, जुना पडदा वर ठेवून कात्रीने गोल कापावा आणि मध्ये सुईने भोक पाडावे. दांडीच्या स्क्रूभोवती वितळलेल्या मधमाशीच्या मेणाचा थेंब दिला की सांध्यातून हवा निसटत नाही. ॲल्युमिनियमच्या पडद्याला पोचा आला असेल तर तो सरळ करण्याच्या फंदात पडू नये. बदली पडदा किंवा संपूर्ण साउंडबॉक्स शोधावा.

पिनेबाबत एकच नियम, आणि तो मोडण्याची किंमत तबकडी मोजते : एका बाजूला एक पोलादी पिन. लाखेच्या तबकडीत दगडाची भुकटी मुद्दाम मिसळलेली असते. ती पिनेचे टोक खोबणीच्या आकारात घासून घेते. एकदा घासलेली पिन दुसऱ्या तबकडीत छिन्नीसारखी वागते. नव्या पिना आजही तयार होतात. जुन्या डब्यांतील गंजलेल्या पिना शोभेपुरत्याच ठेवाव्यात.

जिथे घडवण्यावाचून इलाज नाही

१९२० व ३० च्या दशकांतील अनेक यंत्रांचे टोनआर्म, साउंडबॉक्सची पाठ, ब्रेकचे तुकडे हे साच्यात ओतलेल्या जस्ताच्या मिश्रधातूचे असत. या धातूत शिशासारखी अशुद्धी राहिली असेल तर तो आतून फुगतो, त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात आणि शेवटी बोटांनी त्याचा चुरा होतो. उष्ण व दमट हवेत हा रोग लवकर बळावतो. त्यामुळे मुंबई-कोकणातील यंत्रांत तो नेहमीचा आहे. अशा तुकड्याला डाग देता येत नाही, वेल्डिंगही होत नाही. दुसऱ्या यंत्राचा तसाच भाग आणला तर तोही त्याच वयाचा आणि त्याच रोगाचा असण्याची शक्यता मोठी. इथे नवा भाग करून घेणेच शहाणपणाचे. साउंडबॉक्सची पाठ लेथवर पितळेतून सहज होते. गुंतागुंतीच्या आकारासाठी आता थ्रीडी प्रिंटिंगची मदत घेता येते. मात्र छापलेले प्लास्टिक भार पेलणाऱ्या जागी वापरू नये. फुगलेला तुकडा मापताना फुगलेलेच माप घेतले जाते, याचेही भान हवे. तो ज्या भागात बसतो त्याचे माप प्रमाण मानावे.

स्क्रूंची गोष्ट वेगळी. ब्रिटिश यंत्रांत ‘बीए’ या जुन्या ब्रिटिश मापाचे आटे असतात. स्विस मोटरींत मेट्रिक. दोन बीएचा स्क्रू ४.७ मिलिमीटरचा, चार बीएचा ३.६ आणि सहा बीएचा २.८ मिलिमीटरचा. शून्य बीए आणि एम ६ यांचा व्यास आणि आट्यांमधले अंतर सारखेच, पण आट्यांचा कोन वेगळा. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा थोडा शिरतो आणि मग अडकतो. जोर लावला की मूळ भोकाचे आटे जातात. हरवलेल्या स्क्रूच्या जागी ‘बसतो तो’ स्क्रू पिळण्यापेक्षा जुळणारा करून घ्यावा.

चावीचेही तसेच. काही चाव्या आट्यांवर बसतात, काही खाचेत अडकतात. दुसऱ्या मॉडेलची चावी बळेच बसवली तर आसाचे टोक खराब होते आणि ते दुरुस्त करणे चावीपेक्षा कितीतरी महाग पडते. यंत्र घेऊनच टर्नरकडे जावे, आसाच्या टोकावरून तुकडा करून घ्यावा आणि मग तो वाकवलेल्या दांड्याला जोडावा. चेपलेला कर्णा असेल तर तांबट कारागिराचा हात उपयोगी पडतो. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून आकार देण्याची कला पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. मात्र कर्ण्यावर मूळ रंग असेल तर तो राखण्यास आधीच सांगावे. घासून चकचकीत केलेला कर्णा परत जुना करता येत नाही.

बाजार, आणि बाजाराची दुसरी बाजू

जुने भाग शोधणाऱ्याची पावले मुंबईत चोरबाजारातील मटन स्ट्रीटकडे आणि पुण्यात जुन्या बाजाराकडे वळतात. तिथे साउंडबॉक्स, थाळ्या, टोनआर्म, सुट्या मोटरी ढिगाने दिसतात. हे सारे येते कुठून, असा प्रश्न ग्राहक सहसा विचारत नाही. त्याचे उत्तर फारसे सुखावह नाही.

दिवाणखान्यात शोभेसाठी चकचकीत पितळी कर्ण्याचा ‘पुरातन’ ग्रामोफोन हवा असणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मूळ कर्ण्याची यंत्रे मात्र दुर्मीळ आणि महाग. मग नवा पातळ पितळी कर्णा, नव्या लाकडाची अष्टकोनी किंवा चौकोनी पेटी आणि तिच्यावर कुत्र्याचे चित्र असा साज जुळवला जातो आणि आत मोटर, थाळी व साउंडबॉक्स बसतात ते एखाद्या हातपेटीतून उचकटलेले. १०१ किंवा १०२ सारखी, थोड्या साफसफाईने उत्तम चाललेली असती अशी यंत्रे यासाठी फोडली जातात. उरलेली पेटी फेकली जाते आणि जे अवयव वापरले जात नाहीत ते ‘सुटे भाग’ म्हणून विकले जातात. या नकली यंत्रांचा आवाजही बेताचाच असतो. कर्णा, नळी आणि साउंडबॉक्स एकमेकांसाठी बनलेले नसतात आणि टोनआर्मची लांबी व कोन चुकल्याने पिन खोबणीची एक बाजू घासत राहते.

म्हणून सुटा भाग घेताना दोन पथ्ये पाळावीत. झिजणारे भाग, म्हणजे स्प्रिंग, रबर, पट्ट्या, चामडे, पिना हे नेहमी नवे घ्यावेत. जुने घेण्यात फायदा काहीच नाही. आणि मोटर किंवा साउंडबॉक्ससारखा मोठा भाग हवाच असेल तर ज्या यंत्राची पेटी वाळवीने खाल्ली आहे किंवा ज्याचा जस्ताचा सांगाडा भुगा झाला आहे, असे सबंध मोडके यंत्र घ्यावे. त्यातून लागेल तो भाग मिळतो, तो कुठून आला हे ठाऊक असते आणि उरलेले स्क्रू पुढच्या दुरुस्तीला होतात. धडधाकट हातपेटी मात्र कोणी स्वस्तात देऊ केली तरी फोडू नये. तशी यंत्रे आता कोणताही कारखाना पुन्हा बनवणार नाही.

कोणता भाग कोणत्या मॉडेलचा, हे ठरवताना संग्राहकांचा सल्ला मोलाचा ठरतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने जुन्या ध्वनिमुद्रिकांविषयी मोठे काम केले आहे. तबकड्या जमवणाऱ्यांपैकी अनेकांकडे ती वाजवणारी यंत्रेही असतात आणि अशी मंडळी विचारणाऱ्याला सहसा विन्मुख पाठवत नाहीत.

दुरुस्तीनंतर

बदललेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवावी. कोणता भाग, कधी, कोणत्या मापाचा, कोणत्या धातूचा हे एका कागदावर लिहून तो पेटीच्या तळाशी ठेवावा. काढलेला मूळ भाग पुडीत बांधून सोबत असू द्यावा. पुढच्या पिढीतील कोणी ही पेटी उघडेल तेव्हा मूळ काय आणि नंतरचे काय हे त्याला कळेल. दुरुस्तीला देतानाही आतील साउंडबॉक्सचा क्रमांक आणि मोटरीचे छायाचित्र आपल्याकडे असावे. चांगला साउंडबॉक्स काढून साधा बसवून मिळाल्याच्या तक्रारी हौशी वर्तुळात नेहमी ऐकू येतात.

यंत्र पडून राहिले की पुन्हा अडते. महिन्यातून एकदा तरी चावी भरून थाळी फिरू द्यावी आणि ठेवताना चावी पूर्ण उतरवावी. ताणलेली स्प्रिंग वर्षानुवर्षे तशीच ठेवली की थकते. लाखेच्या तबकडीसाठीच हे यंत्र आहे, हेही विसरू नये. त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या घरात असतो, तर नंतरच्या एलपी तबकडीला दोन-तीन ग्रॅम पुरतात. एलपी या यंत्रावर एकदा जरी लावली तरी ती कायमची जाते.

शेवटी, दुरुस्त झालेल्या यंत्रावर पहिली तबकडी लावताना मोह आवरावा. घरात आजोबांनी जपलेली एखादी दुर्मीळ तबकडी असेल तर ती आधी हलक्या पिकअपवर वाजवून तिचे डिजिटल ध्वनिमुद्रण करून घ्यावे. फोनोवर लावायला जुन्या बाजारातली, दहा-वीस जणांकडे सापडेल अशी साधी तबकडी पुरते. नवी पिन लावावी, चावी भरावी, चिठ्ठी टाकून फेरे मोजावेत आणि ७८ भरले की मगच पिन खोबणीत टेकवावी.